पान काळंभोर करायच्या नादाला लागू नका

या आठवड्यात तीन प्रश्न आलेत, मूळ एकच आहे म्हणून एकत्रच उत्तर देतो. एक, दुकानदार क्लोरोफिल (पानातलं हिरवं द्रव्य) वाढवायचं टॉनिक देतोय, क्लोरोफिल वाढलं की ऊन जास्त पकडलं जाणार ना? दोन, मेट्रिब्युझिन हे तणनाशक मारल्यावर सोयाबीनची पानं कडेने करपली, आता काय मारू? तीन, फेरस म्हणजे लोहाचं खत मारलं तरी पिवळेपणा हटत नाही.

टॉनिक घेऊ नका. बाटलीवर काहीही छापलेलं असू दे, नका घेऊ.

कारण नीट ऐका. पानात क्लोरोफिलचे रेणू सुटे काम करत नाहीत, दोन-तीनशेची टोळी असते आणि त्या टोळीमागे खरं काम करणारं केंद्र एकच. इमर्सन आणि अर्नोल्ड या दोघांनी 1932 साली शेवाळावर उजेडाचे झटके मारून मोजलं तेव्हा ऑक्सिजनच्या एका रेणूमागे 2500 च्या आसपास क्लोरोफिल निघाले होते, एका ऑक्सिजनला उजेडाचे आठेक कण लागतात, म्हणजे कणामागे तीनशेच. एवढे सगळे करतात काय? स्लॅब टाकताना माणसं ओळीत उभी राहून घमेलं हातोहात पुढे देतात ना, तेच. एका रेणूवर ऊन पडलं की तो चेततो, ती ऊर्जा शेजारच्याला देतो, तो त्याच्या शेजारच्याला, असं करत केंद्रापर्यंत. माणूस जागचा हलत नाही, घमेलंच पुढे जातं, या वाटेवर इलेक्ट्रॉनसुद्धा हलत नाही, तो हलतो केंद्रात पोचल्यावर. शेजारी अगदी खेटून लागतो, अंतर दुप्पट झालं तर देणं 64 पट मंदावतं. आणि क्लोरोफिलचे दोन प्रकार, बी कडून ए कडे, ए कडून केंद्राकडे जाताना ऊर्जा पायरीपायरीने थोडी उतरत जाते म्हणून ती पाटाच्या पाण्यासारखी उताराने वाहते, सहसा मागे फिरत नाही. हे सगळं सेकंदाच्या अब्जाव्या भागाच्याही आत उरकतं.

खोटं वाटत असेल तर हिरवं पान स्पिरिटमध्ये चुरडून गाळा (विस्तवाजवळ नको) आणि अंधारात त्यावर नोटा तपासायच्या जांभळ्या टॉर्चचा झोत टाका. हिरवं पाणी लाल चमकतं. स्पिरिटमध्ये रेणू लांब लांब पांगले, घमेलं द्यायला शेजारी कुणी नाही, मग ऊर्जा लाल उजेड होऊन वाया जाते. जिवंत पानात हे फार थोडं होतं.

आता मुद्दा. भर दुपारच्या उन्हात पानाला पकडणारे हात कमी पडत नाहीत, पुढे साखर बनवायचं काम मागे पडतं. म्हणून पान स्वतःच बरीचशी ऊर्जा उष्णता करून सोडून देतं, त्यातल्या पिवळ्या रंगद्रव्यांचं एक कामच ते आहे. मग ओळीत अजून माणसं उभी करून काय मिळणार? काळंभोर पान म्हणजे उत्पादन नाही. टॉनिकसोबत युरियाचा जादा हात मारून पान काळं केलेली शेतं मी कितीतरी बघितलीत, लुसलुशीत पानावर मावा-तुडतुडे आधी येतात, मग दुकानदार त्याचंही औषध देतो.

मेट्रिब्युझिनचं. हे, अॅट्राझिन, डायुरॉन, सगळी एकाच जागी बसतात, केंद्रातून इलेक्ट्रॉन पुढे जायची वाट अडवतात. ऊन पकडणं चालूच, घमेली येतच राहतात पण घेणारा नाही, मग ती तुंबलेली ऊर्जा ऑक्सिजनला लागते आणि तो ऑक्सिजन पान आतून जाळतो. म्हणून ऊन कडक असेल तेव्हा करपा लवकर दिसतो. आता काहीही मारू नका. टॉनिक नको, वाढीचं जिबरेलिक नको, "सोबत घ्या" म्हणून दिलेली पुडी तर मुळीच नको. शेंडा जिवंत असेल तर नवीन पान स्वच्छ येईल, करपलेलं हिरवं होणार नाही. डोस कुणी सांगितला होता? दुकानदाराने ना? लेबल वाचा, हलक्या जमिनीत तर काटेकोर वाचा. आणि तणनाशकाचा पंप वेगळा ठेवा.

फेरसचं. आधी कुठलं पान पिवळं ते बघा. नवीन पान पिवळं आणि शिरा हिरव्या असतील तर लोह. जुन्या पानात शिरांच्या मधे पिवळं असेल तर मॅग्नेशियम, तिथे फेरस ओतून काय होणार. क्लोरोफिलच्या मधोमध मॅग्नेशियम बसलेलं असतं, लोह त्यात नसतं पण ते तयार करायला लागतं. पोटॅश भरमसाट टाकलं तरी मॅग्नेशियम अडतं, हेही दुकानात कुणी सांगत नाही. शेतात पाणी साचलंय तर दोन्ही नको, आधी चर काढा.

फेरस सल्फेट अर्धा टक्का, म्हणजे 15 लिटरच्या पंपाला 75 ग्रॅम, थोडं सायट्रिक अॅसिड घालून. दीडशे नाही. परत सांगतो, दीडशे नाही, डोस दुप्पट केला की पान हिरवं होत नाही, भाजतं. द्रावण तांबूस झालं की फेकून द्या. चुनखडीच्या जमिनीत साधं फेरस मातीत टाकणं म्हणजे फुकट, पानावरच द्या. सकाळी लवकर नाहीतर ऊन उतरल्यावर. दुपारी बारा वाजता मारून "रिझल्ट नाही" म्हणून फोन करू नका, थेंब वाळतो आणि क्षार पानावर राहून डाग पडतो.

माती तपासणीच्या योजनेचंही एकाने विचारलंय, सहायक कृषी अधिकाऱ्याला (पूर्वीचा कृषी सहायक) भेटा, तो कागद सांगेल, फक्त नमुना खत टाकायच्या आधी काढा.

आणि माझं नेहमीचं. काहीही फवाराल तर मधल्या चार ओळी कोऱ्या सोडा. दोन्ही टोकांना काठी रोवून चिंधी बांधा. दहा दिवसांनी कोऱ्या ओळीतलं आणि फवारलेल्या ओळीतलं तिसरं पान तोडून शेजारी शेजारी धरा, शेजाऱ्याला विचारा कुठलं कुठलं. त्याला ओळखता आलं नाही तर रिकामी बाटली घेऊन दुकानात जा आणि ती दोन पानं त्याच्या काउंटरवर ठेवा.