टायटॅनियम सापडलं म्हणजे चित्र नकली?

प्रश्न : आमच्या घरातलं तैलचित्र १८९०च्या सुमाराचं आहे, असं ऐकत आलो. सराफ बाजारात सोनं तपासतात तशा एक्सआरएफ यंत्राने (क्ष-किरण टाकून मूलद्रव्यं ओळखणाऱ्या) एकाने ते पाहिलं. पांढऱ्या रंगात टायटॅनियम दिसलं, म्हणून चित्र १९२० नंतरचं, असं त्याने लिहून दिलं. मान्य करावं का?
– एक वाचक, पंचवटी

उत्तर : एवढ्यावर नको. टायटॅनियम पांढरा चित्रकारांच्या हाती १९२०च्या सुमारास आला, हे खरं. पण हे यंत्र रंगद्रव्य सांगत नाही, आलेखातल्या शिखरांवरून मूलद्रव्यं सांगतं. टायटॅनियमचं मुख्य शिखर ४.५१ केईव्हीला (किलोइलेक्ट्रॉनव्होल्ट, किरणांच्या ऊर्जेचं एकक), बेरियमचं ४.४७ला, हातातल्या यंत्रात ही दोन्ही एकमेकांत मिसळतात. यंत्र मिश्रधातूंच्या मोडवर असेल तर बेरियम बहुधा यादीतच नसतं, मग सगळं टायटॅनियमच्या खात्यावर जातं. बेरियम सल्फेट मात्र एकोणिसाव्या शतकातल्या रंगांत भरणी म्हणून सर्रास असायचं.

टक्केवारीचा तक्ता बाजूला ठेवा आणि पूर्ण आलेख मागा. ३२ केईव्हीजवळ शिखर असेल तर ते बेरियमचं. त्यासाठी यंत्रातली क्ष-किरणांची नळी ५० किलोव्होल्टवर चालवलेली हवी, ४०वर ते जेमतेम उठतं. हिरव्या रंगात ‘आर्सेनिक’ लिहिलं असेल तरी हीच खबरदारी घ्या : शिशाचं आणि आर्सेनिकचं एकेक शिखर साडेदहा केईव्हीला जवळजवळ एकावर एक येतं, आणि जुन्या अस्तरात, म्हणजे रंगाखालच्या थरात, शिसं असतंच. किरण वरच्या थरावर थांबत नाहीत, अस्तरही मोजलं जातं.

खरंच टायटॅनियम निघालं, तरी मोजलेला ठिपका कुठला, ते विचारा. तो काही मिलिमीटरांचा असतो. नंतरच्या डागडुजीवर पडला तर वय डागडुजीचं कळतं, चित्राचं नाही.

प्रश्न : डागडुजी कुठे आहे, हे घरी ओळखता येतं?
– तेच वाचक

उत्तर : बऱ्याच अंशी. खोली पूर्ण अंधारी करा. आधी साधी टॉर्च चित्राच्या कडेला, जवळजवळ समांतर धरा. सुटलेले पापुद्रे सावल्यांनी उठून दिसतात. पापुद्रे असतील तर चित्र भिंतीवरून काढूही नका.

मग ३६५ नॅनोमीटरची, काळ्या फिल्टरची अतिनील टॉर्च घ्या. ३९५ची स्वस्त मिळते, पण तिचा जांभळा उजेड सगळ्यावर सांडतो आणि काही कळत नाही. अतिनील रोखणारा चष्मा हवाच. जुनं राळेचं व्हार्निश हिरवट चमकतं, त्यावरची डागडुजी काळपट दिसते. फोटोसाठी ट्रायपॉड, लेन्सवर अतिनील रोखणारा फिल्टर, आयएसओ २००, एक्स्पोजर पाच ते पंधरा सेकंद. पांढरा शर्ट घालून उभे राहू नका. साबणातल्या चकाकीच्या द्रव्यांमुळे तो निळा पेटतो आणि त्याचा उजेड चित्रावर पडतो.

व्हार्निशखालची डागडुजी मात्र यात लपते. ती शंका असेल तर इन्फ्रारेड आणि क्ष-किरण प्रतिमा लागतात. त्याआधी बटाटा, लिंबू, साबण यांतलं काहीही चित्राला लावू नका : व्हार्निश निघालं की पुरावाही जातो.

प्रश्न : वाड्यातल्या देवघराच्या भिंतीवरच्या चित्रांत काही भाग काळे पडलेत. दिव्याची काजळी असावी, पुसू का?
– एक वाचिका, जुने नाशिक

उत्तर : आधी काळेपणाची कड भिंगातून पाहा. काजळी आकृतीच्या रेषा ओलांडून पसरते, दिव्याच्या वर जास्त साचते. काळेपणा फक्त वस्त्राच्या किंवा टिळ्याच्या आकारात नेमका थांबत असेल, तर तो रंगच बदललेला असण्याची शक्यता मोठी. शेंदूर म्हणजे शिशाचा ऑक्साइड. तो ओलावा आणि उजेडात काळवंडतो. हिंगूळ म्हणजे पाऱ्याचा सल्फाइड. तोही उजेडात काळा पडतो. तिथे एक्सआरएफ खरोखर कामाचं : शिसं आलं की शेंदुराकडे बोट, पारा आला की हिंगुळाकडे. असा काळा थर घासला तर मळ नाही, चित्रच निघतं.

निळ्यासाठी मात्र त्या यंत्रावर विसंबू नका. नीळ सेंद्रिय असल्याने तिथे काहीच दिसत नाही. तिला रमण वर्णपटमापन (लेझरच्या विखुरलेल्या उजेडावरून द्रव्य ओळखण्याची पद्धत) लागतं. त्यानेही निभलं नाही तरच नमुना : आधीच उडालेल्या जागेच्या कडेचा, अर्ध्या मिलिमीटरहून लहान कण. तो रेझिनमध्ये बसवून, घासून सूक्ष्मदर्शकाखाली आडवा छेद पाहतात. हे संवर्धकाचंच काम. मुंबईत छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयाचं संवर्धन केंद्र आहे, तिथे विचारा. जाताना चित्राचे साधे, तिरप्या उजेडातले आणि अतिनील असे तिन्ही फोटो न्या.