जानेवारीत कानोला (नायजेरिया) उतरायचंय, तिथे धुळीमुळे खरंच विमानं रद्द होतात का?

हो, होतात, नोव्हेंबरअखेरपासून मार्चच्या मध्यापर्यंत कानोच्या मल्लम अमिनू कानो विमानतळावर हा धोका धरूनच तिकीट काढा. कारण हरमॅटन हा ईशान्येचा कोरडा वारा. चाडमधल्या बोडेले खोलगट भागातली बारीक धूळ तो थेट कानो राज्याच्या या राजधानीवर आणून टाकतो. दिल्लीचं धुकं ऊन चढलं की विरतं, ही धूळ मात्र दोन-तीन दिवससुद्धा हटत नाही, म्हणून ‘दुपारपर्यंत सुटेल’ हा हिशेब इथे चालत नाही. उतरताना ठरलेल्या उंचीवर रनवेचे दिवे दिसले नाहीत तर वैमानिकाला परत वर जावंच लागतं, आणि मग विमान अबुजासारख्या दुसऱ्या विमानतळाकडे वळवलं जातं.

मुंबईहून आदिस अबाबा किंवा कैरोमार्गे जाताना सगळा प्रवास एकाच तिकिटावर घ्या. जोडविमान चुकलं तर पुढची सोय कंपनीवर येते, वेगवेगळ्या तिकिटांवर ती तुमच्यावर. कामाच्या आधी दोन दिवस मोकळे ठेवा. अबुजाला उतरवलंच तर टॅक्सी करून कानो गाठायला निघू नका. त्या महामार्गावर, विशेषतः अबुजा-कडूना टप्प्यात, अपहरणं झालेली आहेत. पीतज्वराची लस निदान १० दिवस आधी हवी. पिवळं कार्ड (या लसीचा दाखला) नसेल तर भारतात परतल्यावर ६ दिवसांपर्यंत विलगीकरणात ठेवतात.

अर्थात रोज असं होत नाही, धूळ विरळ असते त्या दिवशी विमानं नेहमीसारखी उतरतात.