पहिल्या चिठ्ठीवरचे दिवस

प्रश्न : अमेरिकेत असलेल्या माझ्या भाच्याच्या गुडघ्यावर शस्त्रक्रिया झाली. घरी सोडताना त्याला ऑक्सिकोडोन या अफूच्या जातकुळीतल्या वेदनाशामकाच्या ५ मिलिग्रॅमच्या ४० गोळ्या दिल्या असून, ‘दुखल्यास दर सहा तासांनी एक ते दोन’ असे बाटलीवर लिहिले आहे. तिकडे अशा औषधांना आळा बसल्याचे वाचले होते. मग काळजी करावी का?

उत्तर : आळा बसला, हे खरे. ओपिऑइड, म्हणजे अफूच्या जातकुळीतल्या औषधांच्या २५ कोटींहून अधिक चिठ्ठ्या २०१२ मध्ये अमेरिकेत लिहिल्या गेल्या. पुढे हा आकडा उतरत गेला. खासगी विमाधारकांच्या एका पाहणीत, ही औषधे नव्याने सुरू होणाऱ्यांचे मासिक प्रमाण जुलै २०१२ मध्ये १.६३ टक्के होते, ते डिसेंबर २०१७ मध्ये ०.७५ टक्क्यांवर आले. मेख अशी की, पहिली चिठ्ठी देणारे डॉक्टर कमी झाले, तरी देत राहिलेल्यांपैकी अनेकजण तीन दिवसांहून अधिक काळाची किंवा जास्त मात्रेची चिठ्ठी लिहीतच राहिले.

दिवसांचा मुद्दा क्षुल्लक नाही. तेथील रोगनियंत्रण केंद्राच्या २०१७ मधील विश्लेषणात, किमान एका दिवसाचे औषध मिळालेल्यांपैकी सुमारे ६ टक्के लोक वर्षानंतरही ते घेत होते. पहिलीच चिठ्ठी आठ वा अधिक दिवसांची असल्यास हे प्रमाण १३.५ टक्के आढळले. अर्थात ज्याचे दुखणे मोठे, त्याला चिठ्ठीही लांब मिळते, त्यामुळे सगळा दोष गोळ्यांच्या माथी मारता येणार नाही.

आता भाच्याची बाटली पाहू. दोन-दोन गोळ्या चार वेळा घेतल्या, तर दिवसाला ४० मिलिग्रॅम, म्हणजे ६० मिलिग्रॅम मॉर्फिनइतके औषध पोटात जाते. मॉर्फिनच्या या मापाने दिवसाला ५० मिलिग्रॅमच्या पुढे विशेष सावधगिरी बाळगावी, असे त्याच केंद्राने डॉक्टरांना सांगितले आहे. ‘दुखल्यास’ हा शब्द त्याने अक्षरशः पाळावा. बाटली संपवलीच पाहिजे, असे नाही. पॅरासिटामॉल किंवा आयबुप्रोफेन त्याला चालेल का, हे शल्यचिकित्सकाला विचारावे. झोपेच्या गोळ्या वा मद्य यांच्या जोडीने हे औषध श्वास मंदावते, म्हणून तो मेळ कटाक्षाने टाळावा. उरलेल्या गोळ्या कपाटात जपून न ठेवता, परत घेण्याची सोय असलेल्या औषध दुकानात नेऊन द्याव्यात.