मॅरेथॉनचा तो धावपटू खरा होता का?

‘आपण जिंकलो’ एवढंच सांगून अथेन्समध्ये प्राण सोडणारा धावपटू खरा की दंतकथा, असा तुमचा प्रश्न आहे. माझ्या मते ती गोष्ट नंतर रचलेली आहे.

अथेन्सजवळच्या मॅरेथॉनला अथेन्स आणि पर्शिया यांच्यात लढाई मात्र नक्की झाली, इ.स.पू. 490 मध्ये. ग्रीक इतिहासकार हिरोडोटसने ती दोनेक पिढ्यांतच लिहून काढली. अथेन्सचे 192 जण पडले, असं तो सांगतो. त्यांच्यावर रचलेला मातीचा उंचवटा मॅरेथॉनच्या मैदानात आजही आहे. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस तो खणला तेव्हा आत राख, जळलेली हाडं आणि त्या काळची मातीची भांडी निघाली. पर्शियाचे 6,400 मेले हा त्याचाच आकडा, पण तो जपूनच घ्यावा. शत्रूचे मृत कोण नीट मोजतं?

आता धावपटू. हिरोडोटसचा फिलिप्पिडीस धावतो तो लढाईच्या आधी, मदत मागायला, अथेन्सहून स्पार्टा या दुसऱ्या ग्रीक नगरीला. अंतर साधारण 240 किलोमीटर, आणि दुसऱ्या दिवशी तो पोचतो. मरत वगैरे नाही. विजयाची बातमी देऊन कोसळणारा निरोप्या दिसतो थेट प्लुटार्क या ग्रीक लेखकाकडे, जवळजवळ सहाशे वर्षांनी, तोही वेगळ्या नावाने. त्याला फिलिप्पिडीसचं नाव लुशियन या लेखकाकडे मिळतं.

हिरोडोटसनुसार लढाईनंतर सगळं सैन्यच जिवाच्या आकांताने अथेन्सकडे परतलं, कारण पर्शियन आरमार वळसा घालून शहराकडे निघालं होतं. थकलेल्या माणसांची ही दौड मला त्या दंतकथेपेक्षा कितीतरी मोठी वाटते.