ओटीटीतली नोकरी: कंपनीच्या आधी टीम विचारा

साताऱ्याहून एका आईचं पत्र आलं आहे. मुलगी पुण्यात कॉम्प्युटर इंजिनिअर झाली. कॉलेजात असताना पुरुषोत्तम करंडकाच्या एकांकिकांची प्रकाशयोजना करायची. हिंजवडीतल्या एका सर्व्हिस कंपनीची, म्हणजे दुसऱ्या कंपन्यांसाठी सॉफ्टवेअरचं काम करून देणाऱ्या कंपनीची, वर्षाला 4 लाखांची ऑफर हातात असतानाच मुंबईतल्या एका ओटीटी कंपनीचं 12 लाखांचं पत्र आलं. ही कंपनी मालिका, सिनेमे आणि क्रिकेटचे थेट सामने दाखवते. तिथे काम केलेल्यांचे अनुभव आईने नेटवर वाचले आणि झोप उडाली. कोणी लिहितं, ‘शिकायला यासारखी जागा नाही’; कोणी लिहितं, ‘रात्रीचा दिवस करून घेतात आणि एका मेलवर घरी पाठवतात.’ त्या विचारतात, खरं कोणाचं मानायचं आणि मुलीला पाठवायचं का?

ताई,

दोघांचंही खरं माना. पाटी एकच असली तरी अशा कंपनीत आत चार वेगळी ऑफिसं नांदत असतात. मालिका विकत घेणारे, जाहिराती आणणारे, सबटायटल आणि व्हिडिओ तपासणारे, ॲप चालवणारे इंजिनिअर. कामाच्या वेळा, पगार, साहेब, सगळं निराळं. तपासणीच्या कामावरची मुलं पुष्कळदा कंपनीच्या पगारपत्रकावरही नसतात, ठेकेदार एजन्सीकडून आलेली असतात. त्यांना सुट्ट्या, विमा, बोनस वेगळे, आणि कपात आली की पहिली पाळी त्यांची. त्यामुळे अनुभव वाचताना लिहिणारा कुठल्या कामावर होता आणि कुठल्या वर्षी होता, हे आधी बघा. रागाने नोकरी सोडताना लिहिलेलं आणि एचआरने आग्रह करून लिहून घेतलेलं, दोन्ही बाजूला ठेवा. चार वेगळ्या माणसांनी, वेगळ्या महिन्यांत, तीच तक्रार नेमक्या तपशिलासह लिहिली असेल तर मात्र ती गंभीरपणे घ्या.

तुमच्या मुलीच्या पत्रात ‘प्लेबॅक’ टीम लिहिलं आहे. म्हणजे लोकांच्या फोनवर व्हिडिओ न अडखळता चालावा, हे तिचं काम. इथे मला थोडं सविस्तर सांगू द्या, कारण कौतुकाचं आणि कंटाळ्याचं, दोन्हीचं मूळ याच कामात आहे.

10 जुलै 2019 ला विश्वचषकाच्या उपांत्य सामन्यात भारत न्यूझीलंडविरुद्ध खेळत होता. धोनी मैदानात असताना हॉटस्टारवर एकाच वेळी 2 कोटी 53 लाख लोक सामना बघत होते. तो धावबाद झाला आणि लोक भराभर बाहेर पडले. आपल्याला वाटतं, गर्दी गेली, सर्व्हरवरचा भार हलका झाला. घडतं उलट. सामना बंद करून माणूस मागे येतो तो ॲपच्या मुख्य पानावर, आणि ते पान प्रत्येकासाठी वेगळं मांडावं लागतं. लाखो लोक काही क्षणांत तिथे आदळले की वेगळ्याच यंत्रणेवर ताण येतो. गर्दी वाढल्यावर नवे सर्व्हर आपोआप सुरू होण्याची वाट बघत बसलं तर उशीर झालेला असतो, म्हणून ते आधीच उभे करून ठेवावे लागतात. पुढे 19 नोव्हेंबर 2023 च्या अंतिम सामन्यात त्याच ॲपवर हा आकडा 5 कोटी 90 लाखांवर गेला.

बाविसाव्या वर्षी असल्या गोष्टी शेजारी बसून बघायला मिळणं ही मोठी संधी आहे. जगात फार थोड्या ठिकाणी एवढ्या गर्दीचा सराव मिळतो. ‘शिकायला अशी जागा नाही’ म्हणणारा खोटं बोलत नाही.

आता दुसरी बाजू. आयपीएल जवळपास दोन महिने चालते. संध्याकाळचा सामना साडेसातला सुरू होतो आणि संपतो तेव्हा रात्रीचे साडेअकरा वाजून गेलेले असतात. त्यानंतरही टीमचं आवराआवरीचं काम उरतं. शिवाय ‘ऑन-कॉल’ची पाळी असते. त्या आठवड्यात फोन उशाशी, लॅपटॉप जवळ, आणि पहाटे तीनला काही बिघडलं तर उठायचं. नीट चालणाऱ्या टीममध्ये ही पाळी सहा-आठ जणांत फिरते आणि जागरणाची बदली सुट्टी मिळते. ढिसाळ टीममध्ये तीच दोन मुलं कायम जागी असतात. ‘रात्रीचा दिवस’ लिहिणारा बहुधा अशाच टीममधला असणार.

रात्रीच्या कामाबद्दल तुम्हाला एक गोष्ट ठाऊक असायला हवी. महाराष्ट्राच्या 2017 च्या दुकाने व आस्थापना कायद्याप्रमाणे रात्री साडेनऊ ते सकाळी सातच्या दरम्यान स्त्रीला कामावर ठेवायचं तर तिची संमती लागते, आणि सुरक्षिततेची तसंच घराच्या दारापर्यंत सोडण्याची व्यवस्था कंपनीने करायची असते. गाडी मागताना तिने अजिबात संकोच करू नये.

एका मेलवर घरी पाठवण्याची भीतीही निराधार नाही. या धंद्यात मंडळी ते लपवतसुद्धा नाहीत. नेटफ्लिक्सने 2009 साली आपली कार्यसंस्कृती जाहीरपणे मांडली, त्यात स्पष्ट होतं की बेताचं काम करणाऱ्याला चांगली रक्कम देऊन निरोप दिला जाईल. आम्ही संघ आहोत, कुटुंब नव्हे, असं ते सांगतात. 2022 मध्ये ग्राहक घटले तेव्हा मे महिन्यात सुमारे 150 आणि जूनमध्ये सुमारे 300 जणांना त्यांनी काढलं. आपल्याकडे तर कर्मचाऱ्याच्या कामाशी काही संबंध नसलेली कारणंही पुरतात. 29 जून 2020 ला टिकटॉकवर बंदी आली आणि पुढच्या जानेवारीत त्या कंपनीने भारतातली बहुतेक माणसं कमी केली. ऑगस्ट 2025 मध्ये पैसे लावून खेळायच्या ऑनलाइन खेळांवर कायद्याने बंदी आली, त्यात चांगली कसबी मुलं एकाएकी मोकळी झाली. जिओसिनेमा आणि हॉटस्टार एकत्र येऊन फेब्रुवारी 2025 मध्ये एकच ॲप झालं. असं झालं की एका कामाला दोन टीम उरतात. हे सगळं गृहीत धरूनच या क्षेत्रात पाऊल टाकावं.

पैशाचं थोडक्यात. 12 लाखांत दीड लाख जॉइनिंग बोनस आहे, वर्षाच्या आत नोकरी सोडली तर तो परत द्यावा लागेल. दीड लाख व्हेरिएबल, म्हणजे मिळाले तर मिळाले. पक्के 9 लाख. त्यातून पीएफचे दोन्ही हिस्से (तिचा आणि कंपनीचा) आणि ग्रॅच्युइटीची तरतूद वजा केली की महिन्याला साधारण 63-64 हजार हातात येतील. मुंबईत दोघी-तिघींत घर घेऊन राहिली तर यात भागतं आणि थोडं उरतंही. पहिल्या वर्षभरात सहा महिन्यांच्या खर्चाएवढी रक्कम बाजूला काढायला सांगा.

एक गोष्ट तिच्याशी मोकळेपणाने बोला, कारण पत्रात तिच्या नाटकाच्या वेडाबद्दल तुम्ही फार आपुलकीने लिहिलं आहे. करमणुकीच्या कंपनीत गेली म्हणजे ती रंगभूमीच्या जवळ जाईल असं नाही. तिच्या पडद्यावर दिवसभर आलेख आणि एरर असतील, कथा नसतील. पटकथा ठरवणारी माणसं दुसऱ्या मजल्यावर, आणि तिकडे बदली सहसा होत नाही. नाटक तिला शनिवार-रविवारीच करावं लागेल. बाहेरच्या कामावर बंदी घालणारं कलम करारात आहे का, ते सही करण्याआधी बघा. असल्यास प्रकाशयोजनेसाठी लेखी परवानगी आत्ताच मागून ठेवा.

माझं मत विचाराल तर मुलीला पाठवा. हिंजवडीच्या नोकरीत पहिलं वर्षभर ट्रेनिंग आणि प्रोजेक्टची वाट बघणं असू शकतं. इथे ती पहिल्या सहा महिन्यांत खरं काम करेल, आणि ते शिक्षण कंपनी राहिली न राहिली तरी तिचंच. पण ‘हो’ कळवण्याआधी तिने, तुम्ही नव्हे, एचआरला मेल करून विचारावं: टीममध्ये किती जण आहेत, ऑन-कॉल किती आठवड्यांनी येतो, त्याची बदली सुट्टी मिळते का, रात्रीच्या गाडीची सोय काय, आणि प्रोबेशनमध्ये नोटीस किती दिवसांची. त्याच टीममधल्या एखाद्या मुलीशी दहा मिनिटं बोलायला मिळेल का, हेही विचारावं. चांगली टीम असेल तर ते आनंदाने बोलू देतात. टाळाटाळ झाली, किंवा मेलला फोनवरच तोंडी उत्तरं मिळाली, तर हिंजवडीचं पत्र अजून हातात आहे. त्याची मुदत संपण्याआधी मला पुन्हा लिहा.