आजोबांचं बंद पडलेलं किराणा दुकान पर्यटकांसाठी पुन्हा सुरू केलं तर चालेल का?

तुमचं दुकान पहूरजवळ, अजिंठ्याच्या रस्त्याला आहे म्हणता, मग निम्मं काम तिथंच झालं. रेल्वेने जळगावला उतरलेला माणूस लेण्यांकडे साठेक किलोमीटर जातो तो याच रस्त्याने. जामनेर तालुक्यात आमच्या काकांनी त्यांचं दुकान असंच परत उघडलंय, गल्ल्यावर बऱ्याचदा मीच असतो.

दादा, दुकान दुकानच राहू द्या. गावातल्या बाईला तिथं पावशेर शेंगदाणे मिळालेच पाहिजेत. नुसतं संग्रहालय केलं तर लोक फोटो काढतात आणि निघतात, पाण्याची बाटलीसुद्धा घेत नाहीत.

दाराच्या सागवानी फळ्या शाबूत असतील तर शटर लावायच्या भानगडीत पडू नका. आमच्या फळ्यांवर आतून आकडे कोरलेत. क्रम चुकला की शेवटची फळी खाचेत बसतच नाही. सकाळी त्या काढताना बघायला गाड्या थांबतात. धाब्यावर, म्हणजे मातीच्या सपाट छतावर, पांढरी माती पावसाआधी टाकून घ्या. वायरिंग मात्र सगळं नवं.

शेर-अच्छेराची (शेर, अर्धा शेर) जुनी लोखंडी वजनं शोभेला ठेवा. 1962 पासून व्यवहारात किलोच सक्तीचा आहे, त्यामुळे माल शिक्का मारलेल्या काट्यावरच मोजायचा. खाण्याचे पदार्थ विकणार तर एफएसएसएआयची, म्हणजे केंद्राच्या अन्न सुरक्षा संस्थेची, नोंदणीही लागेल. आजोबांच्या उधारीच्या वह्या काचेत मांडायचा मोह होईल, पण नावं दिसतील असं पान उघडू नका. त्याच घरांतली माणसं रोज दुकानात येतात, उगाच भांडणं होतील.

माल इथलाच ठेवा: कळण्याचं (ज्वारी-उडदाचं) पीठ, बिबडे म्हणजे ज्वारीचे पापड, काळा मसाला, केळीचे वेफर्स. बिबडे उन्हाळ्यात करून घ्यायचे. एप्रिल-मेच्या उन्हात तसंही गिऱ्हाईक नसतं, ते येतं हिवाळ्यात. तेव्हा दारात तुराट्यांवर (तुरीच्या वाळलेल्या काड्यांवर) भरताची वांगी भाजली तर दुसऱ्या पाटीची गरज नाही. सोमवारी लेणी बंद, तो दिवस माल भरायला ठेवा.

आणि हे सगळं करण्याआधी ग्रामपंचायतीतून नमुना 8 चा, म्हणजे घर-जागेच्या नोंदीचा, उतारा काढा. आजोबांच्या पश्चात नावं कुणाकुणाची लागलीत ते बघा, काका-आत्यांची संमती लेखी घ्या. दुकान चालायला लागल्यावर हिस्सेदार आठवण ठेवून येतात.