म्हातारा तारा आपला गॅस सोडतो तरी कसा?

प्रश्न: मोठे तारे म्हातारे झाले की स्वतःचाच गॅस बाहेर सोडायला लागतात असं वाचलं. पण एवढं प्रचंड वजन असताना गुरुत्वाकर्षण तो धरून ठेवत नाही का? की सारखे छोटे छोटे स्फोट होत असतात?

उत्तर: स्फोट वगैरे नाही हो, पकडच सैल झालेली असते. वजन साधारण तेवढंच, पण तारा फुगून शंभर-दोनशे पट झालेला, म्हणजे पृष्ठभाग केंद्रापासून लांबच लांब. सूर्यावरून कायमचं सुटायला सेकंदाला ६१८ किमी वेग लागतो, तोच सूर्य २०० पट फुगवला तर ४४ किमीच्या आसपास भागतं.

आता ४४ पण काही कमी नाही आणि तिथला गॅस आपणहून एवढा पळत नाही, त्याला कोणीतरी उचलावं लागतं. ते काम ताऱ्याची धडधड करते. तिमिंगल तारकासमूहातला मायरा बघा, साधारण ३३२ दिवसांत एकदा फुगतो-आकसतो आणि दर वेळी वरचा गॅस उंच ढकलला जातो. बराचसा परत खाली पडतो पण वर असताना तो थंड होतो, हजार-दीड हजार अंशांपर्यंत, आणि त्यातून चक्क धूळ तयार होते! कार्बन जास्त असेल तर सरळ काजळीच. काजळी प्रकाश शोषते, प्रकाश तिला बाहेर ढकलतो आणि ती जाता जाता आजूबाजूच्या गॅसला धक्के देत बरोबर घेऊन जाते. म्हणजे तारा स्वतःच्याच उजेडाने उडून जातो, मला तर यातली ही सगळ्यात भारी गोष्ट वाटते. (ऑक्सिजन जास्त असलेल्या ताऱ्यांत धूळ वाळूच्या जातीची असते, ती प्रकाश फारसा शोषत नाही, त्यामुळे तिथलं गणित इतकं सरळ नाही, त्यावर अजून वाद चालू आहेत.)

बाहेर वाहणारा हा गॅस, म्हणजे ताऱ्याचा वारा, तसा संथ, सेकंदाला १०-२० किमी, पण माल किती! जोरात असेल तेव्हा वर्षाला ३ पृथ्व्यांएवढा, काही ठिकाणी तर त्याहून जास्त. मायराची तर शेपूटच सापडली, २००७ मध्ये, गॅलेक्स या अवकाश दुर्बिणीला, अतिनील प्रकाशात, लांबी १३ प्रकाशवर्षं! तारा सेकंदाला १३० किमीने पळतोय आणि गेल्या ३०,००० वर्षांत सांडलेला गॅस मागे राहिलाय. आपला सूर्यही पुढे कधीतरी असाच जवळपास निम्मा उडून जाईल, मागे श्वेत बटू, म्हणजे ताऱ्याचा छोटा दाट गाभा तेवढा उरेल.

बाकी तुमचा स्फोटाचा अंदाज अगदीच वाया गेला नाही. मृग नक्षत्रातला काक्षी, म्हणजे बीटलज्यूस, २०१९ च्या शेवटी एकदम मंद झाला तेव्हा लोक म्हणाले आता फुटतोय हा. फुटला नाही, त्याने गॅसचा एक मोठा लोळ बाहेर फेकला होता, तो थंड होऊन धूळ झाली आणि तीच आपल्या नजरेआड आली. २०२० च्या उन्हाळ्यापर्यंत स्वारी पुन्हा पहिल्यासारखी चमकायला लागली.